मानेचे छायाचित्र

‘तो मान’ आणि ‘ती मान’. मराठीत लिंग बदलले की अर्थ बदलतो. पहिला दुखावला तर आपण तत्काळ बोलून दाखवितो. दुसरी दुखू लागली, तर मात्र तेल चोळून महिनोन्महिने काढतो. अखेरीस डॉक्टर क्ष-किरण छायाचित्र काढावयास सांगतात आणि त्या अंधाऱ्या खोलीत, “हनुवटी वर करा, खांदे खाली सोडा, तोंड उघडा,” अशा आज्ञा सुरू होतात. दुखते मान, मग तोंड कशासाठी उघडावयाचे, असे म्हणून वडीलधारी मंडळी रागावतात. त्या आज्ञांमागील शास्त्र समजले, तर हा राग उरणार नाही.

जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे १८९५ साली राँटगेन यांनी हे किरण शोधले. त्यांनी उमटते ती अखेर छायाच. एका हाडाची छाया दुसऱ्यावर पडली की दोन्ही अस्पष्ट होतात. मानेचे मणके सात. उंच जिराफालाही तितकेच! त्यांतील वरचे दोन समोरून जबडा व दात यांच्या आड दडतात, म्हणून तोंड उघडावे लागते. खालचे मणके बाजूने पाहताना खांद्यांआड जातात. म्हणून खांदे सैल सोडावयाचे, श्वास सोडून क्षणभर थांबावयाचे. प्रसंगी दोन्ही हातांत वजनेही देतात. खांद्यामुळे मान फिल्मपासून दूर राहते व छाया मोठी पडते. ती आटोक्यात ठेवण्यासाठी यंत्र सुमारे सहा फूट दूर असते. मज्जातंतू ज्या छिद्रांतून बाहेर पडतात, ती पाहण्यासाठी रुग्णाला ४५ अंश तिरपे उभे करतात.

मंगळसूत्र, कर्णभूषणे, केसांतील आकडे आणि कवळी आधी काढून ठेवावी. धातूची छाया नेमकी मणक्यावर पडली, तर छायाचित्र पुन्हा काढावे लागते आणि किरणांची मात्राही दुप्पट होते. गरोदर स्त्रीने संकोच न करता तसे आधीच सांगावे.

मात्र अपघाताची गोष्ट निराळी. झाडावरून वा वाहनावरून पडलेल्याच्या मानेला इजा झाल्याची शंका असेल, तर वरीलपैकी एकही आज्ञा त्याला लागू नाही. त्याला उभे करावयाचे नाही, मान वळवावयाची नाही, गळपट्टा आपल्या मनाने काढावयाचा नाही. तो निजलेला असतानाच आडव्या किरणांनी बाजूचे छायाचित्र घेतात. सातवा मणका व त्याखालील सांधा दिसल्यावाचून ते पूर्ण मानीत नाहीत, कारण तेथील मोड सहज नजरेतून सुटते. आता अशा वेळी बहुधा सी.टी. स्कॅनच करतात.

अशा प्रसंगी “जरा मान सरळ करू या,” म्हणणारा एखादा मायाळू आप्त जवळ असतोच. मणका मोडलेला असेल, तर त्या मायेच्या स्पर्शाने मज्जारज्जू दुखावून हातपाय जन्माचे लुळे पडू शकतात. त्याचा हात नम्रपणे, पण ठामपणे अडवावा. शुश्रूषेत कधी काही न करणे, हेही मोठे कर्तव्य असते.