बालपणीच्या जखमांचा खर्च कोणी सोसायचा?

लहानपणी भोगलेले मूल पुढे विसरून जाते, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. सोयीची अशासाठी की, ती एकदा मान्य केली म्हणजे मोठ्या माणसांवर कसलीच जबाबदारी उरत नाही. दारू पिऊन आईला मारणारा बाप कोपऱ्यात बसून पाहणारे मूल, नात्यातल्याच माणसाने विटंबना केल्यावर ‘कुठे बोलू नकोस’ अशी तंबी मिळालेली मुलगी, जातीवरून वर्गात वेगळा बसवलेला मुलगा, शेतात कीटकनाशक पिऊन पडलेल्या बापाला ज्याने सर्वांआधी पाहिले तो दहा वर्षांचा पोर, या सर्वांना काळ हेच औषध, असे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो आहोत.

या समजुतीला शास्त्रीय धक्का बसला तो एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९८० नंतरच्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे लठ्ठपणावर उपचार करणारे केंद्र चालवीत. वजन झपाट्याने उतरत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून निघून जातात, हे त्यांना कोडे वाटले. अशा रुग्णांशी सविस्तर बोलल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. लठ्ठपणा हा त्यांच्या दृष्टीने आजार नव्हताच. ती एक तटबंदी होती. पुढे डॉ. रॉबर्ट आंडा यांच्यासह फेलिटींनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली आणि तिचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन, आईवरील हिंसा अशा प्रतिकूल अनुभवांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात व्यसनाधीनता, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला. हृदयरोगासारखे शारीरिक आजारही या साखळीतून सुटले नाहीत.

या पाहणीतील माणसे झोपडपट्टीतील नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ती बहुतांशी शिकलेली, नोकरदार, आरोग्यविम्याचे संरक्षण असलेली मध्यमवर्गीय माणसे होती. म्हणजे बालपणीची जखम ही गरिबांची मक्तेदारी नाही. तिच्यावरील उपचार मात्र श्रीमंतांची मक्तेदारी होऊन बसले आहेत, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

मराठी वाचकाला खरे तर हे सारे परदेशी पाहणीतून कळण्याची आवश्यकता नव्हती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. जखमी बालपण म्हणजे काय, ते या पुस्तकांनी आपल्याला ‘ट्रॉमा’ हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी दाखविले होते. आपण त्यांना पुरस्कार दिले, पाठ्यपुस्तकांत घेतले. परंतु ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांच्या दुःखाला प्रकाशक मिळत नाही, अशा लक्षावधी मुलांचे काय, हा प्रश्न काही आपण विचारला नाही. आत्मकथन हा उपचार नव्हे; आणि जखम बरी होण्यासाठी माणसाला साहित्यिक व्हावे लागावे, ही अपेक्षाही क्रूर आहे.

मग उपचार म्हणजे नेमके काय? याविषयी आपल्या सुशिक्षितांतही मोठे अज्ञान आहे. कुणाला वाटते गोळ्या, कुणाला वाटते उपदेश. वस्तुतः आघातावरील मानसोपचाराची पद्धत बरीच शिस्तबद्ध आहे. आघाताची आठवण ही इतर आठवणींसारखी भूतकाळात जमा होत नाही. एखादा वास, दार आपटल्याचा आवाज, कुणाचा चढलेला स्वर यांसरशी ती वर्तमान होऊन उभी राहते. मूल तिला टाळू लागते, आणि जितके टाळते तितकी ती बळावते. त्यातच ‘चूक माझीच होती’ हा निष्कर्ष मुलाने मनाशी काढलेला असतो, कारण ज्यांच्यावर आपण सर्वस्वी अवलंबून आहोत ती माणसेच वाईट आहेत, असे मानणे मुलाला परवडत नाही. उपचारक प्रथम सुरक्षिततेची भावना निर्माण करतो, भीती अंगात उसळली असता श्वास आणि शरीर कसे सावरावे ते शिकवितो. आणि मगच, मुलाला झेपेल इतक्या मापाने, घडलेले सांगण्यास मदत करतो. कधी शब्दांतून, कधी चित्रांतून. सांगता सांगता आठवणीची धार बोथट होते आणि अपराधाचे ओझे ज्याचे त्याच्याकडे परत जाते. सांभाळ करणाऱ्या वडीलधाऱ्या माणसालाही यात सहभागी करून घेतात. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण बारा ते सोळा बैठका लागतात. दीर्घकाळ अत्याचार सोसलेल्यांना अधिक. या धर्तीच्या उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मुलांसाठी आणि प्रौढांसाठीही केली आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. आपत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी मुलांना गोळा करून ‘काय काय पाहिले ते सांगा’ म्हणणे हा उपचार नव्हे. अशा घाईच्या एकाच बैठकीने लाभ होत नाही, प्रसंगी अपायच होतो, असे संशोधनाचा आढावा सांगतो. शिवाय दुःख भोगलेल्या प्रत्येक मुलाला उपचारकाची गरज असतेच असेही नाही. हवाई बेटांपैकी कावाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील जी मुले अतिशय प्रतिकूल परिस्थितीत वाढली, त्यांच्यापैकीही सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ प्रौढ झाली. आणि त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे, खात्रीचे असे निदान एक माणूस होते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना पुण्याला आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था भारतीय जैन संघटनेने केली, तिचे मोल या दृष्टीनेही आहे. छप्पर, शाळा, नियमित जेवण आणि ओळखीची माणसे हा उपचाराचा पाया होय. पण पाया म्हणजे घर नव्हे.

चळवळीतील काही मित्र याबाबत एक आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, मुलाला जखम केली ती कर्जाने, जातीने, पुरुषी सत्तेने. तुम्ही तिचे खापर मुलाच्या मनावर फोडता आणि त्याला दर आठवड्याला एका खोलीत बसवून त्याच व्यवस्थेशी जुळवून घ्यायला शिकविता. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. उपचार संपवून मूल त्याच घरी, त्याच मारकुट्या बापाकडे परतणार असेल, तर उपचार ही थट्टा ठरते. परंतु सिलिकोसिस झालेल्या खाणकामगाराला आपण असे कधी म्हणतो काय, की खाणीची मालकी बदलेपर्यंत थांब, मग तुझी छाती आपोआप सुधारेल? आपण खाणीविरुद्ध लढतो आणि त्याला इस्पितळातही नेतो. मनाच्या बाबतीतच हे ‘आधी क्रांती’ का? आठ वर्षांची मुलगी व्यवस्था बदलेपर्यंत आठ वर्षांची राहत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. शहरात खाजगी उपचारकाच्या एका तासाला हजार-दीड हजार रुपये मोजावे लागतात, मोठ्या शहरांत त्याहून अधिक. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सोळा बैठकांचा खर्च कमीत कमी सोळा हजार धरला, तरी तो मजुराच्या चोपन्न दिवसांच्या श्रमाएवढा होतो. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली रोजी वेगळीच. बाजारात स्पर्धा वाढली की हा दर उतरेल, असे मानणारे अर्थशास्त्री आहेत. त्यांनी बाउमोल आणि बोवेन यांचे १९६६ सालचे विवेचन पुन्हा वाचावे. कापडाच्या गिरणीत एका तासात पूर्वीच्या दसपट कापड निघते. पण चार वादकांनी वाजवावयाची रचना वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. मुलाचे ऐकण्याचा तास तसाच आहे. त्याची उत्पादकता वाढत नाही, आणि इतरत्र वेतने वाढत जातात तसा तो सापेक्षतेने महागच होत जातो. दुसरे असे की, आपण विकत घेतो तो उपचार चांगला की वाईट हे ग्राहकाला आधी कळत नाही. वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे हे व्यंग केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते. अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून ‘समुपदेशक’ म्हणून दुकान मांडणाऱ्यांचा आपल्याकडे जो सुळसुळाट आहे, त्याचे मूळ येथे आहे.

म्हणून ही सेवा सार्वजनिक खर्चानेच उभारावी लागेल. ‘एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून?’ हा प्रश्न लगेच येतो. त्याचे उत्तर सधन देशांनी नव्हे, झांबियाने दिले आहे. तेथे लुसाका शहरातील २५७ अनाथ व निराधार मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले आणि सतत देखरेखीखाली काम करणारे स्थानिक कार्यकर्ते होते. उपचार मिळालेल्या मुलांत आघाताची लक्षणे सुमारे ८२ टक्क्यांनी घटली. नेहमीच्या सेवा मिळालेल्या मुलांत २१ टक्क्यांनी. आपल्या अमरावती जिल्ह्यातही तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प याच तत्त्वावर चालला. तो प्रौढांच्या नैराश्यासाठी होता. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. ज्या घरातील आई अंथरुणाला खिळल्यासारखी झाली आहे, त्या घरातील मुलाचा विचार आईला वगळून करता येत नाही. तेव्हा हाही अनुभव आपल्या उपयोगाचा आहे.

असे असता राज्यकर्ते काय करीत आहेत? कागदावर पुष्कळ. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा २०१२ साली झाला. महाराष्ट्राने २०१३ साली अत्याचारपीडित स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी योजना काढली व तिला ‘मनोधैर्य’ असे सुंदर नाव दिले. तीत समुपदेशनाचीही तरतूद आहे. २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चालू आहे. दूरध्वनीने तातडीची वेळ निभावते, हे मी नाकारीत नाही. पण ज्या घरात फोन बापाच्या खिशात असतो, त्या घरातील मुलीने तो लावायचा कसा? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहत होते. ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट आपल्या पुढारलेपणाच्या अभिमानाला शोभेशीच म्हणायची!

आणि तरीही आपल्या हाती एक बळकट साधन आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या अठराव्या कलमाने शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या किंवा शासनाने अर्थसाहाय्य दिलेल्या सेवेतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्यात बालकांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसल्यास त्या व्यक्तीने जिल्ह्यातील अन्य सेवा घ्यावी आणि तिचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्या कलमात म्हटले आहे. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अमलात आहे. विधिमंडळात प्रश्न विचारणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी जिल्हावार माहिती मागवावी: मुलांसाठी प्रशिक्षित उपचारक किती, मंजूर पदे किती, रिकामी किती, आणि या कलमाखाली आजवर किती रुपयांची भरपाई झाली. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या संघटनांनी आपल्या गावातील अशा मुलांना उपचारकांपर्यंत न्यावे, नावांची गुप्तता राखून खर्चाच्या पावत्या जमा कराव्यात आणि त्या परताव्याच्या अर्जासह जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात दाखल कराव्यात. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे. न्यायालयात जाताना तोच कागद लागेल.