सूचना-वही आणि निळ्या खुणा

देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या एका सहकारी पतपेढीत नोकरीस आहेत. तेथील व्यवस्थापकांनी सर्व कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट काढला, आणि 'यातून आपण परस्परांपासून शिकावे' असा आपला हेतू जाहीर केला. भगिनी लिहितात की दीड वर्षात आपण त्यातून एवढेच शिकलो, की साहेबांचा संदेश आला म्हणजे दोन मिनिटांच्या आत हात जोडल्याचे चिन्ह टाकावे. अशा साधनाने शिकणे खरोखर घडते काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

पतपेढीचा कारभार मला ठाऊक नाही. शाळेचा आहे, आणि माणसे दोन्हीकडे सारखीच असतात.

शाळांतून पूर्वी एक सूचना-वही असे. काही ठिकाणी ती अजूनही आहे. मुख्याध्यापकाने त्यात आदेश लिहावा, शिपायाने ती वर्गावर्गांतून फिरवावी आणि प्रत्येक शिक्षकाने वाचून खाली सही करावी, अशी रीत. सही म्हणजे 'मी हे वाचले आहे, आता मला कळले नाही असे म्हणता यावयाचे नाही' ही कबुली. शिकण्याशी त्या वहीचा काडीचाही संबंध नव्हता, आणि तसा दावाही कोणी करीत नसे. शिकणे व्हावयाचे ते मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात, चहाच्या पेल्यापाशी. नव्याने रुजू झालेला शिक्षक कोपऱ्यात बसून जुन्यांची बोलणी ऐके. सहावीचा अमुक मुलगा का बिथरतो, भागाकार शिकवताना खडे का वापरावेत, तपासणी अधिकारी आले की आधी काय मागतात, हे सारे त्याला कोणी शिकवीत नसे. ते त्याच्या कानांवर पडत असे.

या कानांवर पडण्याला जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ साली एका पुस्तकातून शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यातले लायबेरियातील शिंप्यांचे उदाहरण मोठे बोलके आहे. तेथे उमेदवार आधी काजे-गुंड्या आणि हातशिलाई करतो, मग यंत्रावर शिवतो आणि सर्वांत शेवटी कापड बेततो. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या नेमका उलटा हा क्रम. गुंडी लावताना चुकले तर नुकसान थोडे, आणि तयार कपडा मात्र सारखा डोळ्यांसमोर. तात्पर्य, नवख्याला कामाच्या कडेला बसू द्यावे. मध्यावर तो आपोआप सरकतो.

आता व्हॉट्सॲपचे पाहू. या साधनात सूचना-वही आणि शिक्षककक्ष या दोन्ही वस्तू एकाच पेटीत कोंबलेल्या आहेत, आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या. त्या म्हणजे सही. वैयक्तिक संवादात त्या बंद ठेवता येतात, गटात येत नाहीत. कोणी वाचले आणि केव्हा, हे पाठवणाऱ्याला दिसतेच. म्हणजे अशा गटात तुम्ही चहा पीत बसला आहात, आणि शेजारी वही उघडी ठेवून कोणीतरी तुमच्या सह्या मोजतो आहे. तेथे मनमोकळे कोण बोलणार?

तरीही या साधनाने शिकणे घडते, हे मी स्वतः पाहिले आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिलमध्ये आमच्या मध्य प्रदेशात 'डिजीलेप' नावाने रोज सकाळी व्हॉट्सॲप-गटांवरून पाठ्यसाहित्य पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला. साहित्य चांगले असे. पण ते वरून खाली येई, आणि खालून वर केवळ 'पाठवले' एवढाच निरोप जाई. याच सुमारास आसपासच्या शाळांतील गणिताच्या दहाबारा शिक्षकांनी आपसांत एक लहानसा गट काढला. त्यात कोणी वरिष्ठ नव्हते. मलाही बोलावले ते मी मराठीचा माणूस, गणितात उपद्रव देणार नाही म्हणून असावे. एका रात्री एका तरुण शिक्षिकेने विचारले, 'अर्ध्याला पावाने भागले की उत्तर दोन येते. भागल्यावर संख्या वाढते कशी, हे मुलांना कसे दाखवावे?' हा प्रश्न भरल्या सभेत विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना होईल, कारण पदवीधर शिक्षकाला हे ठाऊक असलेच पाहिजे अशी समजूत आहे. थोड्या वेळाने एका खेड्यातल्या शिक्षकाने छायाचित्र पाठवले. ताटात अर्धी पोळी, तिचे मधोमध दोन तुकडे, आणि खाली एक ओळ : 'अर्ध्या पोळीत पाव पोळ्या किती, ते मोजायला सांगा.' दुसऱ्याने विचारले, मग पावाला अर्ध्याने भागायचे तर? त्यावर दोन दिवस वाद चालला. बाकीचे आठ जण एक अक्षरही न लिहिता वाचीत होते. या न बोलणाऱ्यांना अधिकारी 'निष्क्रिय सदस्य' म्हणतात. माझ्या मते ते कोपऱ्यात बसलेले उमेदवार होत.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. गटाची कीर्ती एका वरिष्ठ कार्यालयापर्यंत पोहोचली. तेथील साहेब कौतुकाने गटात सामील झाले; त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण आठवड्याच्या आत ज्या शाळांची माहिती आली नव्हती त्यांची नावे तांबड्या अक्षरांत त्याच गटावर झळकू लागली. शिक्षिकेने पुन्हा प्रश्न विचारला नाही. सकाळी फुलांची चित्रे, सणावारी शुभेच्छा आणि 'जी सर' एवढेच उरले. कोणी गट सोडला नाही, कारण तेव्हा सोडल्याचीही नोंद गटावर दिसत असे.

म्हणून देवासच्या भगिनींनी व्यवस्थापकांना एवढेच सुचवून पाहावे की गट दोन करा. आदेशांच्या गटात केवळ चालकालाच लिहिता येईल अशी सोय २०१८ पासून आहे. ती लावली म्हणजे हात जोडण्याचे श्रमही वाचतील. दुसरा गट शंकांचा. त्यात साहेबांनी नसावे. हे त्यांना कठीण जाईल. गट एक हजार चोवीस जणांचाही होऊ शकतो, पण शंकांच्या गटाला पंधरा माणसे पुष्कळ झाली.

या पेटीला स्मरणशक्तीही नाही. पोळीचे ते छायाचित्र मी परवा शोधू लागलो, तर शुभेच्छांच्या ढिगाखाली ते सापडेना. ज्याला गटातून शिकावयाचे आहे त्याने एक जाड वही घ्यावी, आणि महिन्यातून एकदा कामाचे प्रश्न व उत्तरे तारखेसह तीत उतरवून ठेवावीत. नवा माणूस रुजू झाला की हातात द्यावयास काहीतरी राहते.

मुलांच्या बाबतीत मात्र हे सारे जपून लागू करावे. 'असर'च्या २०२० च्या ग्रामीण पाहणीत, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला; २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, पण तो फोन सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही साहित्य मिळाले ते सुमारे एक-तृतीयांश मुलांनाच. गटावर पाठवले म्हणजे पोहोचले, असे मानणारा मास्तर हाताशी सूचना-वही नसलेल्या वर्गात सही शोधतो आहे.

भगिनींनी पत्राच्या शेवटी 'ॲडमिन'ला मराठी शब्दही विचारला आहे. 'प्रशासक' म्हणू नये. त्याने माणसाच्या डोक्यात वारे शिरते. मी 'गटचालक' लिहितो. आमच्या घरी धाकटी सून त्याला 'दार उघडणारा' म्हणते, आणि तो शब्द मला अधिक आवडतो.