आइनो आणि कोठारातली मुलगी

फिनलंडच्या लोककथांवर बेतलेल्या ऐतिहासिक फँटसी कादंबऱ्यांविषयी आमची एक तक्रार आहे. लेखक 'कालेवाला' उघडतो, त्यातला वृद्ध गायक-मांत्रिक वैनामोइनेन, लोहार इल्मारिनेन, उत्तरेची मालकीण लोउही यांना उचलतो, लोहयुगाची पार्श्वभूमी रंगवतो आणि आपण फिनिश जनांच्या आदिम स्मृतीपर्यंत पोहोचलो असे समजतो. वास्तविक तो पोहोचलेला असतो एकोणिसाव्या शतकातील एका डॉक्टरच्या टेबलापर्यंत.

एलियास ल्योनरोत हा कायानी या गावचा सरकारी वैद्य. कारेलियातील गायकांकडून टिपून घेतलेली गाणी जुळवून त्याने १८३५ मध्ये 'कालेवाला' प्रसिद्ध केले. १८४९ ची वाढवलेली आवृत्ती २२,७९५ ओळींची झाली. ओळी बहुतांशी गायकांच्या, पण त्यांचा क्रम, सांधे आणि पात्रांची परस्पर नाती यांत ल्योनरोतचा हात फार मोठा. १८०९ मध्ये स्वीडनकडून रशियाच्या अमलाखाली गेलेल्या देशाला स्वतःचा भूतकाळ हवा होता, तो त्याने रचून दिला. म्हणजे 'कालेवाला' हीच, एका अर्थाने, फिनलंडची पहिली ऐतिहासिक फँटसी!

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. आइनोचे उदाहरण घेऊ. म्हाताऱ्या वैनामोइनेनशी लग्न नको म्हणून ही तरुण मुलगी पाण्यात नाहीशी होते. पुढे मासा होऊन त्याच्या गळाला लागते आणि त्याची खिल्ली उडवून निसटते. आक्सेली गालेन-कालेलाने १८९१ मध्ये तिच्यावर त्रिदल चित्र काढले, आणि घरोघरी मुलींना तिचे नाव मिळाले. लोकगीतांत मात्र 'आइनो' हे विशेषनाम नाहीच. तो शब्द 'एकुलती एक' या अर्थाचे विशेषण आहे. मुलीचे नाव अनेकदा आन्नी असते. ती रानात डहाळ्या आणायला जाते, तिथे एक पुरुष तिला आपली म्हणू पाहतो. ती रडत घरी येते. आई समजूत घालते : कोठारात जा, लोणी खा, चांगले कपडे घाल. मुलगी कोठारात जाते आणि गळफास लावून घेते. माशाची गोष्ट हे तर मुळात वेगळेच गाणे.

गळफासाऐवजी पाणी आले, आणि एका घरातील मृत्यू निसर्गात विरघळला. काव्य म्हणून हा बदल सुंदर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण नंतरचे कादंबरीकार त्याच सुंदर पाण्यात पुन्हा पुन्हा उतरतात. त्या कोठाराचे दार कुणी उघडत नाही.

लेखकाने संशोधक व्हावे, असा आमचा आग्रह नाही. पावो हाविक्कोने १९७४ च्या 'काक्सिक्यूमेन्ता या युक्सी' (म्हणजे एकवीस) या काव्यात साम्पो या चमत्कारी चक्कीचे चक्क बायझंटाइन टांकसाळीतले नाणी पाडणारे यंत्र केले. इतकी मोकळीक क्वचितच कुणी घेतली असेल. तरी ती आम्हांला मान्य आहे, कारण अद्भुताच्या मागे व्यापार, लूट आणि हाव कशी उभी असते, हे त्याला विचारायचे होते. टोल्किनचे निराळे. १९१४ च्या सुमारास त्याने कुल्लेर्वोची शोकांतिका स्वतःच्या भाषेत लिहायला घेतली, अपुरी सोडली (ती पुस्तकरूपाने आली २०१५ मध्ये), आणि तिचे बीज पुढे स्वतःच्या कल्पित जगात नेऊन तुरिनची कथा उभी केली. फिनलंडच्या इतिहासावर त्याने दावाच सांगितला नाही. असो.

'ऐतिहासिक' हे विशेषण लावणाऱ्यांनी मात्र निदान एवढे तरी ठरवावे, की इतिहास कुणाचा : लोहयुगाचा, की ती गाणी गाणाऱ्या खेड्यांचा? आम्हांला दुसऱ्या प्रकारची कादंबरी वाचायची आहे. तिच्यात मंत्र असावेत, लोउहीही असावी. आणि लोणी खा म्हणणारी ती आईही असावी, जिला आपल्या मुलीचे रडणे शेवटपर्यंत कळले नाही.