स्क्रीन जुनी आहे, निकामी नाही!



गेल्या वर्षीची गोष्ट. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. एक वडील आपल्या मुलीला घेऊन आमच्या संगणक कक्षात आले. आमच्याकडचे मॉनिटर जुने, चौकोनी. मुलीने सगळी माहिती न चुकता भरली आणि थांबली. "सर, पुढे जायचं बटणच नाहीये!" बटण होतं, पण स्क्रीनच्या उजव्या कडेच्या बाहेर. वडील म्हणाले, "जाऊ दे बाळा, आपल्याला नाही जमायचं हे." मी कंट्रोल दाबून ठेवून वजाचं बटण दोनदा दाबलं. पान आक्रसलं, बटण दिसलं, फॉर्म गेला.

फॉर्म गेला, पण वडिलांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून काही जात नाही. चूक मुलीची नव्हती. संगणकही बिघडला नव्हता. फक्त पानाचं माप आणि स्क्रीनचं माप जुळत नव्हतं.

हे माप म्हणजे काय ते बघूया. जुन्या १५ इंची मॉनिटरवर साधारण १०२४ × ७६८ ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. वेबसाइट मात्र अनेकदा १२८० किंवा त्याहून जास्त रुंदी धरून बनवलेली असते. मग उरलेला भाग बाहेर जातो. आता साधं गणित करा : झूम ८० टक्के केला, तर १०२४ भागिले ०.८ बरोबर १२८०. म्हणजे त्याच स्क्रीनवर १२८० रुंदीचं पान मावतं! पाचवी-सहावीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

काय करायचं?

१) आधी झूम. कंट्रोल आणि वजा दाबलं की पान लहान होतं, कंट्रोल आणि अधिक दाबलं की मोठं. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पूर्ववत. क्रोममध्ये हा झूम त्या-त्या वेबसाइटपुरता लक्षात राहतो. पण ७५ टक्क्यांच्या फार खाली जाऊ नका. आपल्या देवनागरीत अनुस्वार, रफार, मात्रा वर-खाली असतात, अक्षर बारीक झालं की त्या आधी पुसट होतात.

२) खिडकीचा खालचा भाग कापला जात असेल, तर एफ ११ दाबा. वरच्या पट्ट्या लपतात, उंची वाढते. परत तेच दाबलं की पूर्ववत.

३) मग रिझोल्यूशन. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग उघडा. एलसीडी मॉनिटर असेल तर ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच निवडा, नाहीतर अक्षरं धूसर दिसतात. तिथेच 'स्केल' १२५ टक्के असेल तर १०० करून बघा. विंडोज नव्याने टाकल्यावर सगळं अचानक मोठं दिसत असेल, तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो.

"सर, काही बिघडलं तर?" असं बरेच शिक्षक विचारतात. घाबरू नका. रिझोल्यूशन चुकलं आणि तुम्ही काहीच दाबलं नाही, तर १५ सेकंदांनी विंडोज आपोआप आधीच्या जागी येतं.

आता माझं मत स्पष्टच सांगतो. "या संगणकावर साइटच नीट दिसत नाही" एवढ्या कारणावरून निर्लेखनाचे प्रस्ताव तयार होतात, हे मला पटत नाही. ब्राउझर चालतच नसेल, सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील, तर गोष्ट वेगळी. पण नुसतं पान मावत नाही म्हणून चालू मशीन डेडस्टॉकच्या कोपऱ्यात टाकणं म्हणजे सायकलची सीट उंच आहे म्हणून सायकलच भंगारात देणं! आधी सीट खाली करून तर बघा.

अर्थात सगळं ओझं वापरणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पान ३२० पिक्सेल रुंदीतही आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. नकाशे, मोठे तक्ते यांना सूट आहे. मग १०२४ च्या स्क्रीनवर फॉर्मचं बटण बाहेर का जावं? फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा तरी तो जुन्या मॉनिटरवर उघडून बघावा.

तोवर आपण काय करू शकतो? उद्या संगणकाच्या तासाला धडा बाजूला ठेवून दहा मिनिटं ही तीन कामं मुलांकडून करून घ्या. पुढच्या वेळी एखादं बटण दिसलं नाही, तर तुमची विद्यार्थिनी "मला जमत नाही" म्हणणार नाही. ती म्हणेल, "थांबा बाबा, स्क्रीन जरा नीट करते."