सगळेच ‘थोडेसे’ जास्त

बँकेत आयुष्यभर इतरांची थकबाकी तपासली. स्वतःच्या पोटाला टेप लावला तो साठी उलटल्यावर. घेर भरला ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची मर्यादा ९०, बायकांची ८०. उपाशीपोटीची साखर ११०, वरचा रक्तदाब १३६. सगळेच ‘थोडेसे’ जास्त!

शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र हेच ‘थोडेसे’ हसण्यावारी नेत ५६व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स, चांगले कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन बिघडले, की त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. हृदयाचा धोका सुमारे दुप्पट होतो. म्हणून आकडे सुटे वाचू नयेत, बेरीज पाहावी.

मी आता रोज अर्धा तास भरभर चालतो, रात्रीचा भात निम्मा केला, पापड-लोणचे सणापुरते, गोळी चुकवत नाही.

आज रविवार. श्रीखंडाची वाटी पुढे ओढण्याआधी शिवणाच्या डब्यातला टेप तेवढा काढा.