तारेचा दोष नाही, घाईचा आहे

बोन्साय म्हणजे झाडावर अत्याचार, असं ऐकवणारा एक तरी पाहुणा आमच्या नेरूळच्या घरी येतोच. त्याच्याशी वाद घालणं मी सोडलंय. भांडायला हवं ते एका रविवारात झाड छाटून, तार गुंडाळून, कुंडीही बदलून 'तयार बोन्साय' हातात देणाऱ्या कार्यशाळावाल्यांशी. आणि त्यांना फी मोजणाऱ्या माझ्यासारख्या हौशी लोकांशी.

दोन वर्षांपूर्वी मेअखेरीस मी असाच एक जपानी काळा पाईन घरी आणला. अर्ध्याहून जास्त फांद्या उडवलेल्या, उरलेल्यांवर अ‍ॅल्युमिनियमची तार, मुळं स्वच्छ धुतलेली. फोटो झकास आला. जूनमध्ये सुया पिवळ्या पडायला लागल्या. विचारलं तर उत्तर आलं, "पाणी वाढवा, खत द्या." दोन्ही सल्ले चुकीचे होते आणि मी दोन्ही पाळले.

वडा-पिंपळाच्या बाबतीत असला आगाऊपणा खपून जातो. सगळी पानं काढली तरी धडधाकट झाड पुन्हा फुटतं. पाईनच्या सुया म्हणजे नुसता कारखाना नाही, कोठारसुद्धा. जिच्यावर एकही हिरवी सुई उरली नाही, ती फांदी बहुधा गेलीच. जुन्या उघड्या लाकडातून कोंब सहसा येत नाही. मुळांवरची जी पांढरी बुरशी रोग समजून धुतली जाते, ती त्याला पाणी आणि क्षार मिळवून देणारी भागीदार असते. शिवाय सुया कमी म्हणजे पाण्याची ओढ कमी. कुंडी ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. उरलेलं काम आपला पावसाळा करतो. अशा झाडाला खत देणं म्हणजे तापातून उठलेल्याला पुरणपोळी वाढणं.

शेवटी मी हात आवरला. कुंडी छपराखाली, पण सकाळचं ऊन लागेल अशी ठेवली. पाणी निथळावं म्हणून एका बाजूला विटेचा तुकडा सारला. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही, खत बंद, कात्री बंद. तार रुतायला लागली तिथे ती उलगडत न बसता कटरनं तुकडे करून काढली. दोन फांद्या मेल्याच. पुढच्या वर्षी मात्र उरलेल्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे कोंब उभे राहिले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन साधे नियम आहेत: एका वेळी एकच मोठा बदल करा, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नका. पावसाच्या तोंडावर पाईन छाटून, वर त्याची मुळं धुणाऱ्यानं दोन्ही मोडलेले असतात.

"एवढं थांबायला लोकांना वेळ कुठंय?" असा युक्तिवाद होतो. मग पाईन घेऊ नका, जेड लावा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी कुटुंबानं १९७६ साली भेट दिलेला एक पांढरा पाईन आहे. तो १६२५पासून कुंडीत वाढतोय आणि १९४५च्या हिरोशिमातूनही वाचलाय. इतकी वर्षं झाड जगतं ते एका रविवारच्या कारागिरीवर नाही. त्याला कधी हात लावायचा नाही, हे कळणारी माणसं पिढ्यानपिढ्या लागतात.

कार्यशाळांनी झाडासोबत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक द्यावं आणि वर्षाला एकच मोठं काम करावं. ते जमत नसेल, तर पाहुण्यांचा अत्याचाराचा आरोप निमूट मान्य करावा.

माझं झाड सध्या बोन्साय वाटतच नाही, कुंडीतलं झुडूप वाटतं. फोटो मागू नका.