घरात शिरलेला कारखाना

संगणकाच्या प्रोग्रामरला आता घरदार सोडून महानगरात येण्याची गरज उरलेली नाही. आईवडिलांजवळ, मुलाबाळांत राहून त्याला आपले काम करता येते. काम आणि कुटुंब यांचा जुना झगडा तंत्रज्ञानाने मिटविला, असा डांगोरा 2020 च्या टाळेबंदीपासून मालकवर्गाचे प्रवक्ते पिटत आले आहेत. या प्रचाराला कुंभकोणमसारखे गाव फार सोयीचे पडते. कावेरीचा काठ, मंदिरांची गोपुरे, पितळी पेल्यातली डिग्री कॉफी आणि ओसरीवर मांडीवर संगणक घेऊन बसलेला तरुण! मराठी वाचकालाही हा मुलूख अगदीच परका नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य, शेवटी शेवटी नावापुरते का होईना, येथे 1855 पर्यंत होते. परंतु या सुरेख चित्रात एक वस्तू दाखविली जात नाही. ती म्हणजे घड्याळ.

अशा तरुणाचा दिवस कसा जातो? सकाळी दहा वाजता चेन्नई किंवा बंगळूरच्या सहकाऱ्यांबरोबर बैठक, मग दिवसभर आज्ञावली लिहिणे आणि दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतील चुका शोधणे. पण काम ज्याच्यासाठी चालते तो ग्राहक अमेरिकेत असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात येथे संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे महामहम तलावाच्या पायऱ्यांवर मित्र जमतात, मूल अभ्यासाची वही घेऊन शोधत येते, म्हातारा बाप दोन शब्द बोलावयास येऊन बसतो, नेमक्या त्याच वेळी खोलीचे दार बंद होते. रात्री कोठे यंत्रणा बंद पडली तर फोन उशाशी वाजतो. हा तरुण राहतो कुंभकोणमला, परंतु जगतो न्यूयॉर्कच्या घड्याळावर. चेन्नईला होता तेव्हा 300 किलोमीटरचे अंतर मध्ये होते. आज बंद दार आहे, एवढाच काय तो फरक. किंबहुना दूर असलेल्या मुलाची आई निदान वाट तरी पाहते. घरातच असलेल्या मुलाची वाट कशी पाहावी?

या व्यवस्थेचा खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. कचेरीची जागा, वीज, बॅटरी, टेबलखुर्ची, सारे आता श्रमिकाच्या माथी. चहाजेवण घरच्या बाईच्या माथी. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची 88. त्या घरातील सूनही प्रोग्रामर असेल तर? तिला बैठक आणि स्वयंपाक ही दोन्ही कामे एकाच घड्याळात बसवावी लागतात. तिच्यासाठी ‘समतोल’ या गोंडस शब्दाचा अर्थ झोप कमी करणे एवढाच उरतो.

वस्तुतः कुंभकोणमला घरबसल्या काम ही नवलाई मुळीच नाही. गावापासून जवळच असलेल्या तिरुभुवनममध्ये रेशमी साडीचा माग पिढ्यान्‌पिढ्या घरातच चालत आला आहे. माग घरात, माणसे घरातली, कांड्या भरणारी बायको घरातली, आणि मजुरी मात्र तयार साडीवर. तेथे कामाचा दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कोणी मोजीत नाही, कारण तासांचे पैसे कोणी देतच नाही. यंत्रयुगातील घरगुती उद्योग हा कारखान्याचाच बाहेर पसरलेला विभाग असतो, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखवून दिले. विणकराच्या शेजारच्या घरातील प्रोग्रामर स्वतःला त्याच्याहून वेगळ्या जातीचा श्रमिक समजतो. पगाराच्या आकड्यात तो वेगळा आहेच. वेळेच्या बाबतीत दोघे एकाच मागावर बसलेले आहेत.

घर हेही कामाचे ठिकाण असू शकते, हे या देशाच्या कायद्याने कधीच मान्य केले आहे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना ते सांगावयास नको. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. मालकांनी त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले; 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी तो जुना कायदा गिळला आहे, आणि सेवाक्षेत्रातील घरकामाला ‘परस्परसंमती’ची मुभा दिली आहे. एकटा प्रोग्रामर एका बाजूला आणि लाखो कर्मचाऱ्यांची कंपनी दुसऱ्या बाजूला; यांच्यातील संमती किती परस्पर असते हे उघड आहे. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी रात्री आठची बैठक नाकारण्याची संमती कोण मागणार?

आणि भूक एवढ्यावर भागत नाही. 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा उपदेश केला. 2025 च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष 90 तासांवर गेले. घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहणार, असाही सवाल त्यांनी केला. कुटुंबाविषयी मालकवर्गाला वाटणारी आस्था ती हीच! सरकारेही मागे नाहीत. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2025 च्या सप्टेंबरात कारखान्यांतील दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तमिळनाडूतही 2023 च्या एप्रिलमध्ये असेच विधेयक विधानसभेत संमत झाले होते. कामगार संघटना खवळून उठल्या, आणि ते मे दिनी मागे घ्यावे लागले. सिंगारवेलूंनी 1923 साली मद्रासच्या समुद्रकिनारी देशातील पहिला मे दिन साजरा केला, त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

प्रोग्रामरचे आणखी एक दुखणे आहे, ते बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. आज्ञावली रचणे हे त्याला मनापासून आवडते. स्वतःची काही रचना करावी, ती मित्रांना द्यावी, तमिळसाठी एखादे उपयुक्त साधन घडवावे, असे त्याला वाटते. कुंभकोणममध्ये वाढलेले रामानुजन 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून झाले. कचेरी सुटल्यावर त्यांच्या गणितावर कोणाचा दावा नव्हता. आज अनेक करारपत्रांत नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने लिहिलेल्या सर्वच आज्ञावलींवर कंपनीचा हक्क सांगणारी कलमे असतात. फावला वेळ उरत नाही, आणि उरलाच तर त्यातील निर्मितीही आपली राहील याची खात्री नाही.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आहे. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये मांडलेले तशाच आशयाचे खाजगी विधेयक कायदा होऊ शकले नाही. संघटनेचा मार्ग मात्र बंद नाही. माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना संघटना स्थापण्याचा अधिकार आहे, हे तमिळनाडू सरकारने 2016 मध्येच स्पष्ट केले. 2024 मध्ये कर्नाटकात चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा ‘किटु’ ही तेथील संघटना विरोधात रस्त्यावर उतरली. कामगार चळवळीनेही या श्रमिकाला फार काळ पांढरपेशा म्हणून बाजूला ठेवले, हे कबूल करावयास हवे. आता अडचण निराळीच आहे: ज्या कारखान्याला गेटच नाही, त्याची गेटसभा कोठे घ्यावयाची? कुंभकोणमपुरते याचे उत्तर अवघड नसावे. विणकरांचे मोहल्ले तेथे आहेत, महामहमच्या पायऱ्या आहेत. सभा रविवारी सकाळी दहाला ठेवावी. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र असते.